रोजची भाकर : एका ग्रीक शब्दाचा अभ्यास



दसरा जवळ आला की आपल्या शहागड परिसरातील वाड्या-वस्त्यांवर एकच विषय चालतो. यंदा कोणत्या कारखान्याला जायचे, टोळीत कोण कोण आहे आणि मुकादमाने कोयत्याला किती उचल दिली? दिवाळीच्या आसपास घरांना कुलपे लागतात. मग मिस्सेला म्हातारी माणसे आणि शाळेसाठी मागे राहिलेली मुले एवढीच दिसतात.

अशाच एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक आजी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आपण देवाला रोजची भाकर मागतो. मग माझ्या पोराला अन् सुनेला सहा महिन्यांची भाकर मुकादमाकडून आधीच का उचलावी लागती? देव रोजची देत नाही का?"

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. संध्याकाळी आम्ही नव्या कराराची ग्रीक प्रत उघडली आणि प्रभूच्या प्रार्थनेतील ते वाक्य पुन्हा वाचले. आपण 'रोजची' म्हणतो तेथे मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' हा शब्द आहे. त्या शब्दाचा अर्थ ठरवताना मोठमोठे विद्वान अडखळले आहेत. या रविवारी आपण त्याची ओळख करून घेऊ आणि शेवटी आजींच्या प्रश्नाकडे परत येऊ.

१. दोनच ठिकाणी येणारा शब्द

प्रभू येशू लोकांशी अरामी भाषेत बोलत असे. शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेचा सर्वांत जुना मजकूर आपल्याला ग्रीकमध्येच मिळतो. मूळ भाषा शिकून शास्त्र वाचणे हे काही फक्त परदेशी पंडितांचे काम नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबलचा मराठी अनुवाद केला. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली तो ग्रंथ पूर्ण छापून झाला.

'एपिऊसिओस' हा शब्द नव्या करारात फक्त दोन ठिकाणी येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३. दोन्ही ठिकाणी तीच प्रार्थना, तीच भाकर. पहिल्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'दिदाखे' नावाच्या पुस्तिकेतही तो आहे, पण तेथेही हीच प्रार्थना दिली आहे. ख्रिस्ती लोकांनी दिवसातून तीनदा ती म्हणावी असे त्या पुस्तिकेत सांगितले आहे.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे ओरिजेन हे फार मोठे शास्त्राभ्यासक होऊन गेले. त्यांची भाषाच ग्रीक होती. प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात ते म्हणतात की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात सापडतो, ना सामान्य माणसांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. ज्यांची ती भाषा त्यांनाच शब्द नवा वाटला, तर आपल्याला वाटला यात नवल नाही.

२. किराणा यादीची गोष्ट

मध्यंतरी या शब्दाचा पत्ता लागला असे जगाला वाटले होते. इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील हवारा येथील उत्खननात पपायरसवर लिहिलेली काही जुनी कागदपत्रे मिळाली. त्यात घरखर्चाची एक यादी होती, आपल्या किराण्याच्या चिठ्ठीसारखी. सेस नावाच्या विद्वानाने ती १८८९ साली वाचून प्रसिद्ध केली. यादीतील एका ओळीत त्यांना 'एपिऊसि...' अशी अक्षरे दिसली. पुढे अभ्यासकांना आनंद झाला. हा शब्द बाजारहाटातला आहे, त्याचा अर्थ 'दिवसाचा शिधा' असा असणार, असे पुस्तकांतून छापून येऊ लागले.

पण मूळ कागद हरवला होता. पडताळून पाहायला कोणाकडे काही नव्हते. तो पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. दोन अभ्यासकांनी तो पुन्हा वाचला आणि १९९९ साली आपला निष्कर्ष छापला. ती अक्षरे 'एपिऊसिओस'ची नव्हतीच. तेथे 'एलाइऊ' असे होते, म्हणजे 'तेलाचे'! शंभर वर्षे ज्याला लोक भाकरीचा शिधा समजत होते तो तेलाचा खर्च निघाला.

म्हणजे ओरिजेन यांचे म्हणणे आजही कायम आहे. प्रभूच्या प्रार्थनेबाहेर या शब्दाचा स्वतंत्र पुरावा नाही. त्याचा अर्थ त्याच्या घडणीवरून आणि सबंध शास्त्रावरूनच काढावा लागतो.

३. शब्दाची फोड

या शब्दाची फोड मुख्यतः दोन प्रकारे करतात.

पहिली फोड : 'एपि' आणि 'ऊसिया'. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ऊसिया हा शब्द आम्हांला ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत भेटला. ऊसिया म्हणजे असणे, अस्तित्व, वस्तूचे मूळ तत्त्व. हाच शब्द घेऊन ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे जाहीर केले आणि रविवारी आपण श्रद्धेच्या घोषणेत तेच कबूल करतो. या फोडीने अर्थ होतो : जगण्यासाठी लागणारी भाकर. किंवा 'एपि'चा अर्थ 'वरची' असा घेतला तर सर्व तत्त्वांच्या पलीकडची, स्वर्गीय भाकर.

दुसरी फोड : 'एपि' आणि 'येणे' या अर्थाचे क्रियापद. त्यावरून 'एपिऊसा' म्हणजे 'येणारा दिवस' असा प्रयोग ग्रीकमध्ये रूढ होता. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये पौल व त्याचे सोबती दुसऱ्या दिवशी नियापलीस येथे पोहोचले असे सांगताना हाच शब्द वापरला आहे. या फोडीने अर्थ होतो : येणाऱ्या दिवसाची भाकर, उद्याची भाकर. संत जेरोम यांनीही नोंदवून ठेवले आहे की हिब्रू लोकांच्या एका जुन्या शुभवर्तमानात या जागी 'उद्याची' अशा अर्थाचा शब्द त्यांना मिळाला.

याच संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचा लॅटिन अनुवाद सुधारला. तेव्हा एकाच शब्दाचे त्यांनी दोन अनुवाद ठेवले. लूकमध्ये 'रोजची' असा, आणि मत्तयात 'तत्त्वापलीकडची' असा. उपासनेत मात्र लोकांच्या तोंडी 'रोजची' हाच शब्द राहिला.

इतर भाषांनीही आपापली वाट काढली. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या भाषेत 'उद्याची' असे आले. सिरियाक भाषेत 'आमच्या गरजेची' असे आले. म्हणून सिरियाक परंपरेतील केरळचे ख्रिस्ती लोक मिस्सेत आजही मल्याळममध्ये गरजेचा आहार मागतात; केरळच्या एखाद्या सिस्टरना विचारून पाहा. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत तर भाकरीच्या जागी 'गिरास' आहे, म्हणजे घास. साठा नाही, पोते नाही, एक घास!

आपल्या मराठी शब्दांकडेही पाहावे. 'रोज' हा शब्द फारसीतून आला, तेथे त्याचा अर्थ 'दिवस'. पण आपण "तुझा रोज किती?" असे विचारतो तेव्हा मजुरी विचारत असतो. रोजंदारी, रोजगार, रोजी हे सगळे त्याच घरचे शब्द. दिवस, त्या दिवसाचे कष्ट आणि त्या कष्टाची भाकर एकाच शब्दात आली आहेत. 'भाकर'ही योग्य शब्द आहे. पॅलेस्टाईनमध्ये गरिबांची भाकर जवाची असे. पाच हजारांना जेवू घातले त्या वेळी मुलाजवळ जवाच्याच पाच भाकरी होत्या (योहान ६:९). आपल्याकडची ज्वारी-बाजरीची भाकर तिचीच बहीण.

४. पोटाची भाकर मागणे कमीपणाचे आहे काय?

येथे एक मनातली गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना कधीतरी टोमणा ऐकावा लागला आहे की तुमचे आजे-पणजे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. १९७२ च्या दुष्काळातील मिलो आणि सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना तो टोमणा अजून बोचतो. म्हणून काहीजण म्हणतात, "फादर, भाकरीवर प्रवचन नको, आत्म्यावर बोला."

ओरिजेन यांनाही असेच वाटले होते. स्वर्गीय गोष्टी मागा असे शिकवणारा प्रभू पृथ्वीवरची भाकर मागायला कशी सांगेल, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी ऊसियाचा अर्थ धरला आणि आत्म्याचे अन्न असे स्पष्टीकरण दिले. त्यात मोठे सत्य आहे. आपण मिस्सेत प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात ख्रिस्तशरीर स्वीकारतो. संत पोप दहावे पायस यांच्या काळात, १९०५ साली, श्रद्धावंतांनी शक्य असल्यास दररोज ख्रिस्तशरीर स्वीकारावे असे फर्मान निघाले, त्यातही याच 'रोजच्या भाकरी'चा आधार घेतला होता.

पण पोटाची भाकर वगळून आत्म्याची भाकर मागा असे चर्चने कधी ठरवले नाही. संत ऑगस्टीन यांनी शरीराचे अन्न, देवाचे वचन आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही अर्थ मान्य केले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद २८३७) हे अर्थ एकत्र मांडले आहेत. ज्या प्रभूने उपाशी लोकांना गवतावर बसवून जेवू घातले त्यानेच शेवटच्या भोजनात भाकर हाती घेतली. त्याला भाकरीची लाज वाटली नाही. आपल्या पूर्वजांनी उपाशीपोटी कोणाकडून भाकर घेतली असेल तर त्यात मान खाली घालण्यासारखे काही नाही. देवापुढे हात पसरणारा आणि भुकेल्या शेजाऱ्याच्या हातावर भाकर ठेवणारा, दोघेही ही प्रार्थनाच जगत असतात.

५. डब्यातले पीठ

आता एक अडचण उरते. 'उद्याची भाकर' असा अर्थ घेतला तर त्याच अध्यायात पुढे उद्याची चिंता करू नका असे प्रभू सांगतो (मत्तय ६:३४), त्याचे काय?

याचे उत्तर आपल्या घरातील आया-बहिणींना आधीच ठाऊक आहे. रात्री भांडी घासून झाली की आई पिठाचा डबा उघडून पाहते. सकाळच्या भाकरीपुरते पीठ आहे का? असेल तर ती झाकण लावून निवांत झोपते. वर्षाच्या धान्याचा तो हिशोब नसतो. एका रात्रीपलीकडचा तो उद्या असतो. ऊसतोडीच्या फडावर जाणारी बाई पहाटे अंधारात कोपीपुढे चूल पेटवून भाकरी थापते. तिच्यासाठी आजची भाकर आणि उद्याची भाकर यांच्यामध्ये फक्त झोप असते. 'येणाऱ्या दिवसाची भाकर' म्हणजे नेमकी हीच भाकर, असे आम्हांला वाटते. सकाळी प्रार्थना केली तर येणारा दिवस म्हणजे आजचा, रात्री केली तर उद्याचा.

निर्गमाच्या १६ व्या अध्यायात देवाने रानात मान्ना दिला तो याच मापाने. ज्याने जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्याने कमी गोळा केला त्याला कमी पडला नाही. ज्यांनी सकाळपर्यंत साठवला त्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचा गोळा करायला देवानेच सांगितले, आणि तो मात्र नासला नाही. म्हणजे विसाव्यासाठी पुढची तरतूद करणे पाप नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे आपल्या डब्यात भरणे हे पाप आहे. नीतिसूत्रे ३०:८ मध्येही भक्त दारिद्र्य मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही; आपल्या वाट्याचे अन्न मागतो.

६. 'माझी' नव्हे, 'आमची'

प्रार्थनेत 'माझी भाकर' असे कोठेच नाही. संत मत्तय व संत लूक या दोघांनीही 'आमची' लिहिले आहे. एकट्याने दार लावून प्रार्थना केली तरी 'आमची'च म्हणावे लागते.

याबाबतीत आमची एक चूक सांगतो. पूर्वीच्या एका नेमणुकीच्या ठिकाणी चर्चच्या आवाराची भिंत बांधायचे काम चालू होते. बुधवारी संध्याकाळी एक मजूर दारात उभा राहिला. आम्ही त्याला म्हणालो, "शनिवारी एकदम हिशोब करू." तो गेला नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "फादर, रातीला पीठ न्यायचंय." आम्ही पैसे दिले. पण थोड्याच वेळाने संध्याकाळची प्रार्थना म्हणताना 'रोजची' या शब्दाशी आम्ही थांबलो. देवाकडे आम्ही आजची भाकर आजच मागत होतो आणि त्या माणसाला ती शनिवारी द्यायला निघालो होतो.

शास्त्र या बाबतीत कडक आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे अनुवाद २४:१५ मध्ये सांगितले आहे. संत याकोब म्हणतो की अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो (५:४). द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार दिला (मत्तय २०). दिनार हा एका दिवसाचा रोज होता. त्या माणसाच्या घरीही त्या रात्री पिठाचा डबा उघडला जाणार होता, हे धन्याला दिसले.

चौथ्या शतकातील निस्साचे संत ग्रेगरी या प्रार्थनेवरील प्रवचनात सांगतात की तुझ्या भरल्या पोटामागे कोणाची उपासमार नसेल, कोणाचे अश्रू नसतील, तरच ती भाकर देवाची म्हणता येईल. आपल्यापैकी काहींच्या शेतात कापूस वेचणीला बायका येतात, काहींकडे सालगडी आहेत. त्यांचा हिशोब आपण कधी चुकता करतो?

७. आजींचा प्रश्न

आता आजींना काय सांगावे?

आजी, देव रोजची भाकर देतो. गोदावरीच्या या काळ्या जमिनीत तो ती पिकवतो आणि तुमच्या मुलाच्या मनगटात ती मिळवण्याचे बळही देतो. पण देवाने एका दिवसाच्या मापाने दिलेली भाकर माणसांनी अडवून ठेवली आहे. उचल म्हणजे उद्याची भाकर आजच देणे, आणि तिच्या बदल्यात माणसाचे सहा महिने लिहून घेणे. हंगाम संपला तरी ती फिटत नाही, मग पुढच्या वर्षाचे दिवसही आधीच गेलेले असतात. देवाने दिलेला उद्या मोकळा असतो. उचलीतला उद्या बांधलेला असतो. म्हणून तुमचा प्रश्न देवाला जितका आहे त्याहून अधिक आम्हा सर्वांना आहे.

थोडे कडू बोलतो, राग मानू नये. घेतलेल्या उचलीतील सगळेच पैसे पिठात जात नाहीत. लग्नातील मानपान, मांडव, वाजंत्री आणि दारू यांतही ते जातात. एका दिवसाच्या थाटासाठी आपण किती दिवसांची भाकर गहाण टाकतो याचा विचार प्रत्येक घराने करावा. आजारपणाला आणि मुलांच्या शिक्षणाला पैसे लागतात ते वेगळे. तेथे महिलांचा बचत गट, भाऊबंद आणि आपला धर्मग्राम यांनी पुढे झाले पाहिजे. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, ही निर्गम २२:२५ ची आज्ञा अजून रद्द झालेली नाही.

आणखी एक. टोळीबरोबर गेलेल्या आपल्या माणसांना चार-पाच महिने मिस्सा मिळत नाही. पोटाच्या भाकरीसाठी त्यांची दुसरी भाकर मागे राहते. तेव्हा ज्या घरातून माणसे जात आहेत त्यांनी कारखान्याचे नाव आणि मुकादमाच्या टोळीचे ठिकाण प्रचारकांकडे लिहून द्यावे. जेथे पोहोचता येईल तेथे आम्ही कोप्यांवर येऊन मिस्सा करू. मागे राहिलेल्या मुलांकडे आणि आजी-आजोबांकडे शेजारच्या कुटुंबाने लक्ष ठेवावे. त्यांच्या घरचा डबा अधूनमधून उघडून पाहावा.

पुढच्या वेळी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'रोजची' या शब्दाशी क्षणभर थांबू या. त्या शब्दात आज आहे, उद्याची पहाट आहे, पोट आहे आणि ख्रिस्तशरीरही आहे. 'आमची' या शब्दात ते सर्वजण आहेत, जे त्या रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर नसतील.

घरी बोलण्यासाठी

१. आपल्या घरात 'पुरेसे' म्हणजे किती? ते कोण ठरवते?
२. आपण कोणाची मजुरी किंवा उधारी अडकवून ठेवली आहे काय? ती या आठवड्यात देता येईल काय?
३. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबासाठी आपण या हंगामात नेमके काय करू शकतो?
४. कुटुंबाने एकत्र वाचावे : निर्गम १६, मत्तय २०:१-१६, लूक ११:१-१३.

प्रभू आपल्या सर्वांना येणाऱ्या दिवसाची भाकर देवो आणि ती वाटून खाण्याचे मन देवो. आमेन.